फेट सिम्युलेशन्स : बारावीच्या रसायनशास्त्राला वापरून पाहिल्यावर

कॉलेज सुरू झाल्यापासून बारावीच्या वर्गात ‘फेट’ (PhET) वापरते आहे, म्हणजे मुलांनी पडद्यावर स्वतः हाताळून पाहायची विज्ञानाची सिम्युलेशन्स. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला, कार्ल वायमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली असली तरी आता रसायनशास्त्राचीही बरीच सिम्युलेशन्स आहेत, काही मराठीतही. सगळं फुकट, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

पण हलती चित्रं यूट्यूबवर ढिगानं पडली आहेत. फेटचं वेगळेपण शिक्षकाच्या बाजूचं आहे. सिम्युलेशन बनवताना फेटची मंडळी विद्यार्थ्यांना एकेकटं समोर बसवतात, मनात येईल ते बोलत बोलत वापरायला सांगतात आणि कुठे अडखळलं ते बघून रचना बदलतात. या मुलाखतींतून त्यांना दिसलं, की पायरीपायरीच्या सूचना दिल्या की मुलं तेवढंच करून थांबतात, आणि एखादा मोकळा प्रश्न दिला की स्वतःहून शोधायला लागतात. म्हणून शिक्षकांना सल्ला असा, की पहिली पाच-दहा मिनिटं नुसतं खेळू द्या. मध्ये बोलू नका.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘निष्कर्ष’ आधीच पाठ असण्याची सवय असलेल्या आपल्याकडे हे पचायला जड आहे. प्रशिक्षण म्हणजे दिवसभर पीपीटी, चहा आणि शेवटी प्रमाणपत्र, हेच वर्षानुवर्षं पाहिलेलं. त्यामानानं हा एका ओळीचा सल्ला मला जास्त उपयोगी पडला.

आयनिक समतोलाच्या धड्याला आम्ल-आम्लारीचं सिम्युलेशन लावलं. सूचनापत्र नाही, फळ्यावर एकच प्रश्न : पीएच (आम्लतेचं माप) ३ असलेलं द्रावण तीव्र आम्लापासून करा, म्हणजे पाण्यात ज्याचे सगळे रेणू फुटून आयन होतात त्यापासून, आणि ज्याचे थोडेच फुटतात त्या सौम्य आम्लापासूनही करा. तीव्र आम्लाची तीव्रता ठरलेली, त्यामुळे संहती (द्रावणात आम्ल किती ते) ०.००१ मोलरवर आणली की झालं. सौम्य आम्लाला मात्र संहती पार १ मोलरपर्यंत नेली तरी तेवढ्यानं भागत नाही, वर तीव्रतेची पट्टीही सरकवावी लागते. द्रावणातून वीज किती वाहते ते दाखवणारा बल्ब दोन्हीकडे सारखाच पेटतो, कण दाखवणाऱ्या भिंगात मात्र एकीकडे आम्लाचा एकही अखंड रेणू नाही आणि दुसरीकडे अखंड रेणूंचीच गर्दी. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड असूनही वीक?” एरवी हे वाक्य मी सांगते आणि मुलं उतरवून घेतात.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. याच सिम्युलेशनमध्ये भिंगातले कण हलत नाहीत, त्यामुळे समतोल म्हणजे सगळं गोठलेलं अशी समजूत पक्की व्हायची भीती. कणांची संख्याही खऱ्या प्रमाणात नाही. ०.०१ मोलर सौम्य आम्लाचा पीएच ४.५ दाखवतं, म्हणजे हजारातले जेमतेम तीन रेणू फुटलेले. चित्रात आयन त्याहून कितीतरी जास्त दिसतात. हे शिक्षकानं सांगितलंच पाहिजे, नाहीतर हुशार मुलं कण मोजून भलतंच गणित मांडतील. (आमच्याकडे एकीनं मांडलंच.)

नोंदणी केली की जगभरच्या शिक्षकांनी टाकलेल्या कृतिपत्रिका मिळतात. दर्जा वरखाली. कित्येक तर ‘आता हे बटण दाबा, रिकाम्या जागा भरा’ थाटाच्या, म्हणजे फेटचंच संशोधन धाब्यावर बसवणाऱ्या. मी त्या जवळपास सोडून दिल्या आहेत. प्रश्न स्वतःच काढते. त्याला वेळ जातो, आणि प्रश्न बरा निघाला की नाही हे विचारायला शेजारी कोणी नसतं. विद्यापीठातलं संशोधन इथवर येऊन थांबतं.

बोर्डाच्या ३० गुणांच्या प्रॅक्टिकलला याचा उपयोग शून्य. परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये फिकट गुलाबी रंग टिकतोय का ते पाहत थेंब थेंब सोडायचा हात ब्युरेटवरच बसतो. फेट वर्गात घ्यायचंच असेल तर आयनिक समतोलापासून सुरुवात करा. प्रोजेक्टर नसला तरी चार-पाच मुलांत एक मोबाइल पुरतो.