पद्मिनीचा रेडिएटर: जुन्याच टाक्यांत नवा कोअर, की मारुतीचा ॲल्युमिनियमचा?

प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्याला हा निर्णय कधी ना कधी घ्यावाच लागतो. गाडीचं उत्पादन थांबून दोन तपं उलटली, कंपनीचा कोरा रेडिएटर सहज मिळत नाही. पूर्वी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून निघालेला माल नाशकापर्यंत यायचा. 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या, आणि जो माल आता मिळतो तो आतून क्षारांनी भरलेला असण्याचीच शक्यता जास्त. मग दोन वाटा उरतात. आपल्याच रेडिएटरच्या पितळी टाक्या ठेवून मधला कोअर, म्हणजे नळ्या आणि पातळ पत्र्यांचा जाळीदार गाभा, नवा बसवायचा, किंवा मारुतीसारख्या नव्या गाडीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर इलेक्ट्रिक फॅनसह जमवून घ्यायचा.

मी एकाच गाडीवर दोन्ही वापरले आहेत. आज माझ्या गाडीत नवा कोअर घातलेला जुना रेडिएटर आहे. पण दुसरी वाट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. काही गाड्यांसाठी तीच बरी.

आधी ॲल्युमिनियमची बाजू. उन्हाळ्यात संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात अडकलात, की पद्मिनीच्या कुलिंगची खरी परीक्षा होते. मूळ फॅन वॉटर पंपाच्या शाफ्टवर, बेल्टने फिरणारा. इंजिन आयडलला आलं, म्हणजे गाडी उभी राहून ते मंद चालू लागलं, की फॅनही मंदावतो, म्हणजे हवा हवी तेव्हाच ती कमी. इलेक्ट्रिक फॅनला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नसतं. त्या रेडिएटरवर गाडी चालवत होतो तेव्हा गर्दीत तापमानाचा काटा जागचा हलत नसे, हे कबूल करायलाच हवं. वजन कमी, स्पेअरच्या दुकानात तो सहज मिळतो, आणि नुसत्या रेडिएटरची किंमत चांगल्या कोअरपेक्षा कमीच पडते.

तांबं उष्णता जास्त वाहतं म्हणून जुना रेडिएटर थंड ठेवतो, हे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त आहे हे खरंच. पण जुन्या रेडिएटरच्या नळ्या पितळेच्या असतात, पितळ या बाबतीत ॲल्युमिनियमच्याही मागे, आणि नळी-पत्री डाखाने (सोल्डरने) जोडलेल्या. नव्या रेडिएटरच्या नळ्या रुंद आणि चपट्या, त्यामुळे तो कमी जागेत तेवढंच काम करतो. या मुद्द्यावर मी कोणालाच झुकतं माप देणार नाही.

जमवाजमवीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नवा रेडिएटर उंचीला कमी पडला आणि झाकण इंजिनाच्या हेडपेक्षा खाली गेलं, तर हेडमध्ये हवा अडकते. मग पाण्याची बाटली वर कुठेतरी बसवून तिथून पाणी भरायची सोय करावी लागते. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा पण हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे हवा अडकून गाडी तापली की आधी हेड वाकतं आणि मग गॅस्केट जातं. दुसरी गोष्ट वीज. जुन्या गाडीत डायनामो असेल तर आयडलला तो फार काही देत नाही. हेडलाइट चालू, वायपर चालू आणि त्यात हा फॅन लागला की बॅटरी उतरणीला लागते. अल्टरनेटर असेल तर हा प्रश्न बराच हलका होतो. रिले आणि जाड वायर मात्र दोन्हीकडे हवीच.

हे सगळं माझ्या गाडीत नीट जमलं होतं. तरी मन उडालं ते होजच्या, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणाऱ्या रबरी नळ्यांच्या, जोडांमुळे.

पद्मिनीच्या, म्हणजे मूळ फियाटच्या, इंजिनाचं तोंड आणि मारुतीच्या रेडिएटरचं तोंड यांचा व्यास जुळत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या नाशकात लेथवर हवी ती कॉलर काढून मिळते, तशी दोन टोकांना दोन व्यासांची, पायरीची पितळी कॉलर मीही करून घेतली. काम सुबक झालं होतं. पण कॉलर आली की एका होजचे दोन तुकडे होतात आणि दोन क्लिपांच्या जागी चार लागतात. वरचा आणि खालचा होज धरला तर चाराच्या आठ. इंजिन माउंटिंगवर हलतं, रेडिएटर बॉडीला जखडलेला. अखंड होज ती हालचाल आपल्या लांबीत सामावून घेतो. मधे कडक कॉलर आली की सगळी वाकडीतिकडी ओढ क्लिपेच्या काठावर येते.

आणि गळती कशी, तर फक्त थंडीत. रात्री गाडी निवली की रबर आकसतं, क्लिपेखाली केसाएवढी फट पडते आणि सकाळी फरशीवर कूलंटचा हिरवा थेंब दिसतो. गाडी सुरू करून मेकॅनिककडे न्यावी तर तोपर्यंत रबर फुगून सगळं कोरडं. त्याला दाखवणार काय? क्लिप आवळावी तर काही दिवस बरं, पुन्हा तेच. जास्त आवळावी तर होज चिरतो. निफाड गारठलं की नाशिकही गारठतं, आणि डिसेंबरात हा थेंब रोजचा झाला. खालच्या होजचं तर आणखी वेगळं. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्याने तिथला सैल जोड वेगात उलट हवा आत ओढू शकतो. थेंब थेंब पाणी जातं, जागा हवा घेते, आणि कसारा घाटाच्या अर्ध्यात काटा उगाच वर चढतो. घाट चढताना रस्त्यावर नजर ठेवायची की काट्यावर, ही धास्ती मला सोसवेना. याहून चांगली कॉलर किंवा चांगल्या क्लिपा वापरून कोणाचं जमलंही असेल. माझं समाधान झालं नाही.

जोडीला झाकणाचा दाब. नव्या रेडिएटरवर साधारण 0.9 बारचं झाकण येतं. दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, हा फायदाच. पण तोच दाब जुन्या पंपाच्या सीलवर आणि त्या आठ जोडांवरही पडतो.

आता जुन्याकडे. इथे होज मूळ मापाचे, ब्रॅकेट मूळ भोकांत, कुठेही पत्रा कापावा लागत नाही. रेडिएटरवाला वरची-खालची टाकी डाख वितळवून सोडवतो, जुना कोअर काढतो, नवा बसवून पुन्हा डाख देतो आणि पाण्याच्या हौदात हवेच्या दाबाने तपासतो. ही तपासणी समोर उभं राहून पाहावी. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, भांडी बाजार अजून गजबजलेला असतो, पण रेडिएटरला डाख देणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. हे या वाटेचं सर्वांत मोठं दुखणं. चांगला कारागीर सापडला तर त्याच्याकडून नळ्यांच्या तीन ओळींचा कोअर मागावा आणि पत्र्या किती दाट आहेत ते बोट फिरवून पाहावं. विरळ पत्र्यांचा कोअर स्वस्त पडतो आणि मे महिन्यात त्याची किंमत कळते. कोअरची जाडी वाढली तर फॅनची पाती त्याला घासणार नाहीत एवढं अंतर आधी मोजून घ्यावं.

नुसती सळई मारून नळ्या साफ करता येतात, पण पत्र्या नळ्यांपासून सुटल्या असतील तर तो खर्च पाण्यात जातो. बोटाने दाबल्यावर पत्री भुगा होऊन हातात आली, तर कोअरच बदलावा.

गर्दीत गरम होण्याचा प्रश्न जुन्यात राहतो, तो मी नाकारत नाही. अनेक गाड्यांत फॅनभोवतीचं काउल (आवरण) कधीच निघून गेलेलं असतं. ते परत बसवलं की बराच फरक पडतो. शिवाय रेडिएटरच्या पुढे एक छोटा इलेक्ट्रिक फॅन आणि डॅशबोर्डखाली त्याचा बटन, एवढं मी केलं आहे. द्वारका किंवा मुंबई नाका आला की तो चालू करतो, एरवी बंद. आयडलचा काटा ॲल्युमिनियमइतका स्थिर राहत नाही, थोडा वर सरकतो आणि गाडी हलली की उतरतो. ते मला चालतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकायचा सल्ला मात्र ऐकू नये. थंडीत इंजिन तापायलाच तयार होत नाही आणि पेट्रोल जास्त जळतं.

आणखी एक विचार. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, अट मूळ रूप जपल्याची. सत्तरच्या दशकातल्या गाड्या आता त्या उंबरठ्यावर येत आहेत. रेडिएटरवरून कोणी अर्ज अडवेल असं मला वाटत नाही, पण नवा रेडिएटर बसवण्यासाठी गाडीची पुढची पट्टी कापलेली असेल तर ती परत जोडणं किचकट आहे.

एसी बसवला असेल, गाडी रोज शहरात फिरत असेल, अल्टरनेटर असेल आणि जमवाजमव करणारा फॅब्रिकेटर भरवशाचा असेल, तर ॲल्युमिनियम घ्या. फक्त होज शक्यतो एकसंध शोधा. स्पेअरच्या दुकानात दोन टोकांना वेगवेगळ्या व्यासाचे मोल्डेड होज मिळतात. दोन्ही तोंडांची मापं घेऊन तसा जुळला तर कॉलरच लागणार नाही. कूलंट दोन्हीकडे गंजरोधकवालाच हवा, बोअरचं पाणी अजिबात नको.

बाकी घाट करणाऱ्याला, वणी-त्र्यंबकला जाणाऱ्याला मी जुनाच सुचवेन. कारागिराकडे जाण्याआधी गाडीतला रेडिएटर उतरवून दोन्ही टाक्या उलटसुलट करून पाहा. होजच्या तोंडाशी पितळ शाबूत असेल आणि जुन्या डाखाचे थर फार नसतील तर कोअर घाला. टाकीच पातळ होऊन ठिकठिकाणी ठिगळं लागली असतील, तर नव्या कोअरचे पैसे त्या टाकीवर घालू नका.