हवाबंद धान्यपिशवी : सात महिने ज्वारी ठेवून पाहिली

मार्चमध्ये रास झाली तेव्हा मुलगा तालुक्याहून दोन हवाबंद पिशव्या घेऊन आला. एकीत पन्नास किलो मावते, किंमत दीडशे. आत जाड प्लॅस्टिकचे दोन थर, वर साधी विणलेली गोणी.

आमच्या मंगळवेढ्याकडे मालदांडी ज्वारी वर्षाची भरून ठेवतात. पण जुलै लागला की पोत्याखाली पीठ सांडलेलं दिसतं. सोंडे! मग चाळा, निवडा, ऊन पडलं तर वाळत घाला. विषारी गोळ्या मी टाकू देत नाही, पोती असतात त्याच खोलीत आम्ही झोपतो.

पिशवीत औषध काहीच नाही. तोंड पिळायचं, दुमडायचं, सुतळीनं करकचून बांधायचं. दोन्ही थर वेगवेगळे. दाण्यात आधीच असलेले किडे आतला प्राणवायू संपवतात आणि तिथंच मरतात. तीन थरांची ही युक्ती अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं १९८० च्या दशकात कॅमेरूनमधल्या चवळीसाठी काढली, म्हणे. मुलानं आणखी ऐकवलं, की काढणीनंतर दुकानात पोचेपर्यंत जगातलं सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं. सासूबाईंनी विचारलं, "त्यात आपले सोंडे धरलेत का रे?"

दाणा मात्र खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर आत बुरशी. बरणीत ओंजळभर ज्वारी आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन द्यायचं.

पहिली पिशवी दिवाळीच्या तोंडावर सोडली. तळाशी आठ-दहा मेलेले सोंडे, बाकी दाणा टणक. पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, चांगली, भाकरीची कड चिरली नाही. शेजारी ठेवलेल्या बारदानातली ज्वारी ऑगस्टमध्येच कोंबड्यांना घातली होती.

दुसरीचा कोपरा उंदरानं कुरतडला. नखाएवढंच भोक, पण आत जिवंत सोंडे फिरत होते. दुकानदार म्हणाला, पिशवी उंदरासाठी नाहीच. हे विकताना सांगायला काय झालं होतं? आता पिशव्या पत्र्याच्या कोठीत ठेवते.

रोज तोंड सोडून शेरभर काढायचं असेल तर घेऊ नका, आत हवा जाते. मी एकदम पंधरा दिवसांची ज्वारी डब्यात काढते. पंचवीस किलोची मिळाली तर हरभऱ्यासाठी दोन घेईन, त्याचे भुंगे सोंड्यांपेक्षा वाईट.