गारपिटीनंतर ट्रेलरचं छप्पर ‘नवं’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

डॅलसच्या आसपास ज्या मराठी घरांकडे ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचं फिरतं घर) आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वसंतात इथे गारा पडतात आणि त्यांच्या मागोमाग दुरुस्तीवाले दारात येतात. आमच्याकडेही आला.

ट्रेलर आम्ही जुनाच घेतला होता, १४,००० डॉलरला. गारांनी छपरावरच्या व्हेंटची झाकणं फुटली, स्कायलाइट फुटला, छपरावरच्या रबराच्या आवरणाला चिरा गेल्या आणि रात्रभर पाऊस आत मुरला. इन्शुरन्सने ६,२०० डॉलर मंजूर केले. डीलर म्हणाला, ‘यात पैसे घालू नका, जुना आम्हाला द्या आणि नवा घ्या.’ दुरुस्तीवाला म्हणाला, ‘खालचं सगळं प्लायवूड बदलतो, वर नवं रबर घालतो, दहा वर्षं बघायला नको.’ नव्या ट्रेलरचे हप्ते डोक्यावर नको होते, मुलांचा जीव याच ट्रेलरमध्ये होता. दुरुस्ती करायचं ठरलं. निम्मे पैसे आधी दिले, उरलेले ट्रेलर परत आल्यावर. छप्पर पांढरंशुभ्र दिसत होतं. बिलात ‘नवं प्लायवूड’ अशी स्वतंत्र ओळ होती, त्याचे पैसेही वेगळे लावलेले.

दिवाळीच्या सुमारास पुढच्या भिंतीवर फुगवटा दिसला. पलंगाखालचं कपाट उघडलं की कुबट वास यायचा. या ट्रेलरच्या भिंती म्हणजे फायबरग्लासचा पातळ थर, त्यामागे तितकंच पातळ प्लायवूड आणि फोम, सगळं गोंदाने चिकटवलेलं. पाणी आत शिरलं की गोंद सुटतो आणि फायबरग्लास फुगतो. तोवर आतलं लाकूड बरंच गेलेलं असतं.

मग स्वतंत्र इन्स्पेक्टर बोलावला, जो ट्रेलर विकतही नाही आणि दुरुस्तही करत नाही. त्याने ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया ठिकठिकाणी टोचल्या. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की ते कुजतं. आमच्या पुढच्या कोपऱ्यांत आकडा ३० च्या पुढे होता. नंतर तो शिडीवर चढला आणि मला कडेची धातूची पट्टी दाखवली. छपराचं रबर बाजूला या पट्टीखाली दाबलेलं असतं. ती काढल्याशिवाय जुनं रबर निघत नाही, मग खालचं प्लायवूड तर दूरच. आमच्या पट्टीचे स्क्रू गंजलेले आणि आपल्या जागी घट्ट होते. त्यांच्यावरचं जुनं सीलंट (फटी बुजवायचा लेप) वाळून तडकलेलं, तेही कुणी हलवलेलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याने कुजक्या प्लायवूडवरच्या जुन्या रबरावर नवा थर चिकटवला होता. पाणी आतच कोंडलं आणि भिंतीत उतरत राहिलं. न केलेल्या कामाचे पैसे त्याने आमच्याकडून घेतले, याचा संताप अजून जात नाही.

दुरुस्ती की नवा ट्रेलर, हा प्रश्न खरं तर आतल्या लाकडावर ठरतो. छप्पर फुटलंय पण सांगाडा कोरडा आहे, तर दुरुस्ती परवडते. कोपरे आणि जमीन मऊ लागत असतील, तर खर्च ट्रेलरच्या किमतीपर्यंत सहज जातो. हे पाहायला आधीच तिऱ्हाईत माणूस लावा. त्याची फी या नुकसानीपुढे काहीच नाही. काम देताना करारात लिहून घ्या की छप्पर उघडल्यावर आतल्या लाकडाचे फोटो मिळतील आणि ते पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नाही. उघडल्यावर गारांमुळेच झालेलं जास्तीचं नुकसान निघालं, तर झाकण्याआधी इन्शुरन्सला कळवा. वाढीव रक्कम मागता येते. मात्र वर्षानुवर्षं झिरपून कुजलेल्या लाकडाचे पैसे पॉलिसी सहसा देत नाही. म्हणून सीलंट दर सहा महिन्यांनी तपासत चला आणि तपासल्याचे फोटो तारखेसकट ठेवा.

आम्ही टेक्सासच्या ॲटर्नी जनरलकडे (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) ग्राहक तक्रार नोंदवली आहे आणि जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात, दावा लावला आहे. तिथे २०,००० डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालवता येतात. बिलातली प्लायवूडची ती ओळ, गंजक्या स्क्रूंचे फोटो आणि इन्स्पेक्टरचा अहवाल एवढं जोडलं आहे. ज्यांनी गेल्या गारपिटीनंतर छप्पर बदलून घेतलं असेल, त्यांनी पुढचा पाऊस यायच्या आत शिडी लावून कडेची पट्टी आणि तिचे स्क्रू बघून घ्या.