कोपराचं मोठं फ्रॅक्चर: ऑपरेशन लगेच की थोडं थांबून?

कोपर निखळलंय, रेडियल हेड (कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडाचं वरचं टोक) मोडलंय, कोरोनॉइडचाही (शेजारच्या, करंगळीकडच्या हाडाचा कोपरात पुढे आलेला भाग) तुकडा उडालाय, म्हणजे डॉक्टर ज्याला टेरिबल ट्रायड म्हणतात ते, असं कळलं की घरचे सगळे एकच विचारतात, आज रात्रीच करून टाकायचं का? माझं मत स्पष्ट आहे. निखळलेला सांधा बसवायचा तो लगेच, ऑपरेशन मात्र बहुतेक वेळा काही दिवसांनी केलेलं बरं.

त्याच दिवशी ऑपरेशन कधी? हाड कातडी फाडून बाहेर आलंय, मनगटाची नाडी लागत नाही, हात गार पडलाय, कोपराखालचा भाग दगडासारखा टणक झालाय आणि बोटं नुसती सरळ केली तरी जीव जातोय, किंवा भूल देऊनही सांधा बसत नाही. यातलं एक जरी असेल तरी थांबायचं नाही, कारण रक्त मिळालं नाही तर काही तासांत स्नायू कायमचे खराब होतात.

हे काहीच नसेल तर थांबण्यात खरंच फायदा आहे. सुजेने ताणलेल्या, फोड आलेल्या कातडीवर चीर दिली की जखम नीट भरत नाही, इन्फेक्शनची भीती असते. तेवढ्या दिवसांत सीटी स्कॅन होतो, एक्सरेत न दिसलेले तुकडे कळतात, रेडियल हेडचा चुरा झाला असेल तर कृत्रिम हेड योग्य मापाचं मागवता येतं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे कोपराची अशी ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन आणि त्याची टीम दिवसाउजेडी मिळते. फक्त मधे पुन्हा एक्सरे काढून घ्या, प्लास्टरच्या स्लॅबमध्येही सांधा परत सरकतो, आणि सरकला तर वाट बघणं तिथेच संपलं.

पण थांबायचं म्हणजे साधारण 2 आठवड्यांच्या आतच. 3 आठवडे उलटले की तुकड्यांभोवती नवं हाड धरायला लागतं, लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) आखडतात, ऑपरेशन अवघड होतं, नको तिथे हाड तयार व्हायचा धोकाही वाढतो. कोपर मुळात पटकन आखडणारा सांधा, आणि रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंशांपर्यंतची हालचाल (पूर्ण सरळ हात म्हणजे 0) लागतेच.

म्हणून सर्जनला तारखेबरोबर हेही विचारा, ऑपरेशननंतर हात कितव्या दिवशी हलवायला देणार? आणि वाट बघताना करंगळी बधिर झाली किंवा दुखणं एकदम वाढलं तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, लगेच जा.