प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी : पहिल्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

पणजीत स्वतंत्र काम सुरू करताना मी आर्किटेक्टसाठीची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे कामातल्या आपल्या चुकीबद्दल कोणी भरपाई मागितली तर त्यासाठीचा विमा, घेतली. एक पूर्ण पावसाळा आणि अशिलाची एक लेखी तक्रार यांतून ती गेल्यामुळे आता तिच्याविषयी लिहिता येते. नवोदित आर्किटेक्ट बहुधा विमा रक्कम आणि प्रीमियम पाहतात. माझ्या मते तिचा खरा कस तारखांवर लागतो.

ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची असते. भरपाईची मागणी पॉलिसी चालू असताना यावी लागते आणि ज्या कामाबद्दल ती आहे ते शेड्यूलवरील, म्हणजे पॉलिसीच्या तपशीलपत्रावरील, रेट्रोअॅक्टिव्ह तारखेनंतरचे असावे लागते. पहिल्या पॉलिसीवर ही तारीख सहसा पॉलिसी सुरू होण्याच्या दिवसाचीच असते. माझ्याही शेड्यूलवर तीच होती. एजंटाने फोनवर ‘मागचं सगळं कव्हर होतं’ असे सांगितले होते, पण लेखी विचारताच उत्तर बदलले. नूतनीकरण वेळेवर होत राहिले तर ही तारीख पुढेही कायम राहते. खंड पडला तर मागची कामे उघडी पडू शकतात.

पॉलिसी सुरू झाल्यानंतर फोंड्यातील एका जुन्या चिऱ्यांच्या घराच्या गच्चीदुरुस्तीचे आराखडे मी करून दिले होते. जुलैत गच्चीचा कठडा आणि स्लॅब जिथे जुळतात तिथून पाणी झिरपले, खालच्या खोलीचा गिलावा फुगला आणि मालकांनी ईमेलने खर्च मागितला. गोव्यात अशील बहुधा कोणाच्या तरी ओळखीतून आलेला असतो, त्यामुळे ‘करून देतो’ असे चटकन तोंडातून जाते; पण विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, ही पॉलिसीची अटच आहे. मी तक्रार मिळाल्याचे आणि पाहणीला येत असल्याचे एवढेच कळवले आणि त्याच दिवशी कंपनीला सूचना दिली. कंपनीने करारपत्र, आराखडे, पत्रव्यवहार आणि नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले, तेही दोनदा, आणि उत्तरे सावकाश आली. साईटभेटींची तारीखवार टिपणे मात्र उपयोगी पडली: वॉटरप्रूफिंग कठड्यावर वर चढवण्याची सूचना त्यांत होती, ठेकेदाराने ते खालीच थांबवले होते. त्याने काम पुन्हा करून दिले आणि दाव्याची वेळ आली नाही.

खरे तर आली असती तरी एवढा खर्च ‘कंपल्सरी एक्सेस’मध्येच, म्हणजे आपल्या खिशातून जाणाऱ्या भागातच, संपला असता. ही पॉलिसी गळतीसाठी नाही, मोठ्या वादासाठी आहे. एका प्रसंगाची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा यांचे प्रमाणही पाहावे: वर्षाची मर्यादा 20 लाख आणि प्रमाण 1:4 असेल, तर एका प्रसंगाला 5 लाखच मिळतात, आणि माझ्या पॉलिसीत वकिलाचा खर्चही त्याच मर्यादेत मोजला जातो. मोजकीच कामे हाती असणाऱ्याने प्रीमियम थोडा जास्त देऊन 1:1 घेणे मला शहाणपणाचे वाटते. प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो.

‘दहा वर्षे गळणार नाही’ अशी हमी अशील करारात घालायला सांगतात. कायद्याने जेवढी जबाबदारी येते त्यापलीकडे आपण होऊन दिलेल्या अशा हमीला संरक्षण नसते, म्हणून ती ओळ मी करारातून काढून टाकतो. आपले आजारपण किंवा साईटवरच्या कामगाराची दुखापतही यात येत नाही. त्यासाठी वेगळे विमे आहेत.

नूतनीकरणाला मी हीच पॉलिसी ठेवणार आहे. पुढे कंपनी बदलायची झालीच, तर जुनी रेट्रोअॅक्टिव्ह तारीख नव्या शेड्यूलवर लिहून आल्याशिवाय प्रीमियम भरणार नाही.