वेळासचा होमस्टे: कासव दिसेल याची गॅरंटी नाही, तरी जा

वेळासला (मंडणगड तालुका, रत्नागिरी) रिसॉर्ट शोधत बसू नका, गावातल्या लोकांच्या घरातच राहायचं असतं. आम्हाला मिळालेलं घर कौलारू, मागे पोफळीची वाडी, पुढे सारवलेलं अंगण, झोपायला ओटीवर गाद्या. टॉयलेट घराबाहेर पण एकदम स्वच्छ. एसी नाही आणि मार्चमधला दुपारचा उकाडा मरणाचा, रेंज येते जाते. जेवण शाकाहारी, मासे खायला मिळतील म्हणून आलेला आमचा मित्र आधी तोंड पाडून बसला आणि मग काकूंनी कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी आणि वर उकडीचे मोदक वाढल्यावर सगळ्यात जास्त तोच जेवला 😄

आता कासवांचं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी इथे आधी सर्रास चोरीला जायची, उरलेली कुत्री-कोल्हे उकरायचे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं. गावातलीच माणसं पहाटे किनारा फिरून घरटी शोधतात, एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, ती उचलून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक यायला लागले, आणि राहण्या-जेवणाचे पैसे थेट घरात यायला लागले. आधी जी अंडी विकून चार पैसे मिळायचे तीच आता राखून जास्त मिळतात, मला तरी हे गणित भारी वाटलं.

पण संध्याकाळी कुंपणातल्या घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली काहीच नाही! दोरीमागे उभ्या एका काकांनी चक्क पैसे परत मागितले, अहो काका कासवाला तुमचं बुकिंग कोण सांगणार. सकाळी मात्र पिल्लं निघाली, पाण्यापासून थोडं लांब सोडतात, ती आपली आपण चालत जातात, लाट मागे ढकलते की परत सुरू. वीकेंडला गर्दी भयंकर आणि मोबाईल पुढे करणारे ढकलतात, शक्यतो मधल्या वारी जा आणि एक रात्र नाही, दोन ठेवा.

पाचपैकी चार. एक कापला तो किनाऱ्यावर बाटल्या टाकून जाणाऱ्या आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून येत असाल तर बागमांडला-वेसवी फेरीबोटीत गाडी चढवा, मोठा वळसा वाचतो, फक्त शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून ठेवा.