झोन दाखला आणि भाग नकाशा : गावचं शिवार राखायला कितपत कामाचे?

डोंगराच्या कडेला जेसीबी उभा राहिला की गावात पहिला प्रश्न येतो : ही जमीन नकाशात कशात दाखवली आहे? नगररचना कार्यालयाचा झोन दाखला (जमीन शेती, रहिवास अशा कोणत्या विभागात येते ते लिहून देणारा कागद) आणि त्याच्या जोडीचा भाग नकाशा (योजनेच्या नकाशाचा तेवढाच तुकडा) याचं उत्तर देतात. खर्च कमी आणि कागद सरकारी, त्यामुळे दोन्ही काढावेतच. पण दाखल्यावर ‘शेती विभाग’ असं वाचून निर्धास्त होऊ नका. अर्धी माहिती त्या कागदाबाहेर असते.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारी प्रत फक्त माहितीसाठी असते. अर्जाला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा जोडायचा, त्याला १५ रुपये पडतात. त्यात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वर्ग ‘ब’ खाली किती क्षेत्र आहे ते आवर्जून पाहा, कारण ओढा किंवा रस्त्याखालचं क्षेत्र तिथे सापडतं. मग महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गटाचा आकार आणि शेजारचे गट उतरवून घ्या. हा नकाशा हद्दीच्या वादात मोजणीची जागा घेऊ शकत नाही, पण ओळख पटवायला उत्तम आहे. अर्ज पालिका हद्दीत पालिकेच्या नगररचना विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाकडे किंवा तिथल्या विकास प्राधिकरणाकडे जातो. जमीन आपल्या नावावर नसल्यामुळे अडचण आली, तर मंजूर प्रादेशिक किंवा विकास योजनेच्या नकाशाची प्रत मागा. योजना हा सार्वजनिक दस्त आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा गट नंबरात होतो. कित्येक गावांत जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि योजनेच्या नकाशाखालचा मूळ गावनकाशा मात्र जुन्या नंबरांचा असू शकतो. अशा वेळी नव्या नंबरावर मागितलेला दाखला भलत्याच तुकड्याचा निघू शकतो. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारा एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) उतारा अर्जालाच जोडा, अर्जात जुना आणि नवा असे दोन्ही नंबर लिहा आणि दाखला हातात आल्यावर भाग नकाशावरचा आकार भूनकाशाशी पडताळून घ्या.

प्रमाणाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५० मीटर होते. विभागाची हद्द गटाच्या मधून जात असेल, तर दाखल्यावर ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती’ असं येतं, आणि त्या ‘अंशतः’मध्ये आमराई असू शकते किंवा विहीर. असा शेरा दिसला की हद्द आखलेला भाग नकाशा मागा. नुसत्या शब्दांवर थांबू नका.

आता दाखला जे सांगत नाही ते. शेती विभाग म्हणजे बांधकामबंदी नव्हे. डिसेंबर २०२० पासून बहुतेक राज्याला एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात शेती विभागात अटींवर परवानगी मिळणाऱ्या वापरांची लांबलचक यादी आहे : किमान ०.४ हेक्टरवर शेतघर, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, गोदाम, कृषी पर्यटन. सलग ४० हेक्टर आणि पुरेसा रुंद रस्ता असला, तर एकात्मिक नगर वसाहतही शेती विभागात बसते. म्हणून दाखल्यासोबत नियमावलीतलं शेती विभागाचं कलम छापून ठेवा. आमच्या मते हे कलम दाखल्याच्या मागच्या बाजूलाच छापलं पाहिजे. तसं झालं तर जमीन विकत घेणारा फसणार नाही आणि राखणाराही गाफील राहणार नाही.

डोंगरउतारासाठी नियम कडक आहे : १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नाही. दाखल्यावर उतार येत नाही, पण तो घरबसल्या काढता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या फरकाने असतील आणि लागोपाठच्या दोन रेषांमध्ये २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर उतार १:५ ला पोचला. हे मोजमाप प्राथमिकच, जागेवरची पातळीमोजणी पक्की धरतात. पण हरकतीत आधार म्हणून ते लिहिता येतं.

पश्चिम घाटातल्या गावांनी आणखी एक कागद तपासावा. केंद्राने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरण-संवेदनशील म्हणून दाखवलं आहे. महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) इथल्या अधिसूचना अंतिम आहेत, आणि अशा अधिसूचित क्षेत्रांना वर सांगितलेली नियमावली लागू नाही. दाखल्यावर याची नोंद असेलच असं धरू नका, अधिसूचनेच्या यादीत गावाचं नाव शोधा. नदीकाठच्या गटासाठी जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेचंही (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणाऱ्या रेषा) तसंच.

दाखल्याची तारीख नीट बघा. दाखला त्या दिवसापुरता खरा. मंजूर प्रादेशिक योजनेत शासन १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम २० खाली फेरबदल करू शकतं, विकास योजनेत कलम ३७ खाली. तशी सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, आणि हिरव्याचं पिवळं (शेतीचं रहिवास) होणं थांबवायचं असेल तर त्या सूचनेवर हरकत घेणं, तेवढीच खिडकी उघडी असते. गावात एकाने तरी दर आठवड्याला राजपत्र पाहायचं काम अंगावर घ्यावं.

हरकत सूचनेत दिलेल्या अधिकाऱ्याकडे, मुदतीत आणि लेखी द्यायची. ‘निसर्गाची हानी होईल’ एवढ्याच वाक्याला सुनावणीत वजन येत नाही. ओढा कोणत्या गटातून निघून कोणत्या गटात उतरतो, खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याच्या किती विहिरी आहेत, उतार किती, पीक कोणतं, हे गटवार लिहा. झोन दाखला, भाग नकाशा, सातबारा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. ‘सुनावणीस हजर राहू इच्छितो’ हे वाक्य विसरू नका, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.